पिशवीतले शर्ट

आज दुपारी डबा खाताना एकजण अगदी फुशारकीने सांगत होती, "मी कळवून टाकलं, पोराला ताप आहे, येऊ नका." ताप नव्हताच; वेगळं राहणाऱ्या बापाची पोराशी ठरलेली भेट टाळायची होती. दोघीतिघी हसल्या. मी डबा झाकला आणि उठले. तिथे तोंड उघडलं असतं तर भांडण झालं असतं, म्हणून इथे लिहितेय.

माझा भाचा सात वर्षांचा. एक आड एक शनिवारी त्याला बाबाकडे सोडायचं आणि रविवारी आणायचं काम माझ्याकडे, कारण ताई आणि भावोजी (अजून तोंडात तेच येतं) एकमेकांसमोर येत नाहीत. एकदा परतताना तो जिन्यात थांबला. बाबाने घेतलेला नवा शर्ट काढला, पिशवीतला जुना चढवला. "मावशी, हा तुझ्याकडे ठेव. आईला त्रास होतो."

सात वर्षांचं पोर!

भेटीचा आदेश म्हणजे कोर्टाने आईला किंवा बापाला दिलेलं बक्षीस नव्हे हो. संयुक्त राष्ट्रांच्या 1989 च्या बालहक्क करारातलं नववं कलम वाचा. आईबाप वेगळे राहत असले तरी दोघांशी नियमित संबंध ठेवायचा हक्क, मुलाच्या हिताला बाध येत नसेल तर, मुलाचा आहे. मुलाचा! आणि "पोटगी थकवलीय ना, मग भेट नाही" म्हणणाऱ्यांनो, वसुलीचा अर्ज करा की. पोर काय गहाण ठेवलंय?

मान्य, जिथे मारहाण आहे तिथे भेट कोणाच्या तरी देखरेखीखालीच व्हावी, नाहीतर होऊच नये. आणि बापही काही साव नसतात; कोर्टात लेकरासाठी रडतात आणि शनिवारी फिरकत नाहीत.

कोर्टाची तर तऱ्हाच निराळी. भेटीचा आदेश व्हायच्या आधी तारीख पुढे गेली की वकील म्हणायचे, दोनच महिने. त्या दोन महिन्यांत भाच्याचे पुढचे दोन दात पडले. बाबाने ते बोळकं पाहिलंच नाही.

ताईला मी नावं ठेवत नाहीये. तिने त्या घरात काय काय काढलंय ते मी पाहिलंय. शर्टावरून ती कधी एक शब्द बोलली नव्हती. पहिल्यांदा नवा शर्ट दिसला तेव्हा नुसती तोंड फिरवून आत गेली. पोराने तेवढंच टिपलं.

आणि मी तरी काय केलं? गुपचूप शर्ट घेतला, पिशवीत कोंबला. आता माझ्या कपाटात असे चार झालेत. दोन तर त्याला होतही नाहीत.