कवितेला नुसतं ‘अप्रतिम’ म्हणू नका

कुणी कविता ऐकवली की ‘वा, अप्रतिम!’ म्हणून मोकळं व्हायचं, ही आपली सवय मला मनापासून खटकते. मुक्तछंद असो, अभंग असो की गझल, दाद तीच. साहित्य संमेलनातल्या कविकट्ट्यावर तर एकामागून एक कविता होत जातात, टाळ्या पडतात, पुढचं नाव पुकारलं जातं. रात्र रात्र शब्द जुळवत बसलेल्या माणसाला आपली कोणती ओळ पोचली आणि कोणती वाऱ्यावर गेली, हे कळतच नाही. कौतुक हवंच, पण नेमकं कशाचं ते सांगा की!

एक मैत्रीण हल्ली लिहू लागली आहे. तिच्या कवितेचा हा शेवट, तिला विचारूनच इथे देतेय:

बाबा निवृत्त झाले तरी
सकाळी साडेसातला डबा शोधतात
काळ किती निष्ठुर असतो!

मी तिला म्हटलं, ‘अगं, डबा शोधतात तिथेच मला भरून आलं. मग काळाला कशाला बोलावतेस? शेवटची ओळ गाळून वाच बरं एकदा.’ तिनं वाचली. म्हणाली, ‘अर्धवट वाटतेय गं.’ म्हटलं, ‘वाटू दे, उरलेलं वाचणारा भरेल.’ तिनं ती ओळ अजून ठेवलीच आहे. ठेवू दे. कविता तिची आहे. मला जे जाणवलं ते कारणासकट सांगणं, एवढंच माझं काम.

वृत्तात लिहिणाऱ्यांशी तर मोघम बोलून चालतच नाही. ‘लय जरा अडखळतेय’ एवढ्यावरून कुणाला काय कळणार? समजा भुजंगप्रयातात, म्हणजे मनाच्या श्लोकांच्या वृत्तात, कुणी लिहिलं: ‘उन्हाळ्यात गावात कुणी येत नाही’. मोठ्यानं म्हणून पाहा. ‘गावात कुणी’पाशी जीभ अडते. लगागा, म्हणजे एक लघू (ऱ्हस्व) अक्षर आणि मग दोन गुरू (दीर्घ), असं चार वेळा यायला हवं, तिथे एक लघू जास्त झालाय. आता म्हणा: ‘उन्हाळ्यात गावी कुणी येत नाही’. सुटली ना ओळ? (पुढे जोडाक्षर आहे म्हणून ‘उन्हाळा’तला ‘उ’ गुरू धरणारे बरेच भेटतात. ‘न्ह’चा आघात मागच्या अक्षरावर येत नाही, तो ‘उ’ लघूच.) पाच मिनिटांचं काम आहे हे, पण लिहिणाऱ्याला पुढे कायम पुरतं.

उर्दूत उस्तादानं शागिर्दाच्या गझलेवर इस्लाह, म्हणजे दुरुस्ती, करायची रीतच होती. टपालानं आलेल्या गझला गालिब दुरुस्त करून परत पाठवत. आपल्याकडे सुरेश भटांनी ‘गझलेची बाराखडी’ लिहून मतला, काफिया, रदीफ, अलामत असं गझलेच्या रचनेतलं सगळं नव्या लोकांपुढे मोकळेपणानं ठेवलं. एवढी मोठी माणसं दुसऱ्याच्या ओळीसाठी वेळ काढत होती.

एक पथ्य मात्र पाळायलाच हवं. आपल्याला आवडते तशी कविता समोरच्याकडून लिहून घ्यायची नाही. मालवणीत किंवा अहिराणीत लिहिणाऱ्याला ‘हेच प्रमाण भाषेत लिहा ना’ असं सुचवणारे मी पाहिलेत, आणि मला त्याचा राग येतो. कवी सोपानदेव चौधरींनी आपल्या आईच्या, बहिणाबाईंच्या, कविता आचार्य अत्र्यांना दाखवल्या, तेव्हा अत्र्यांनी त्या खानदेशी बोलीतलं सोनं ओळखलं. १९५२ साली ‘बहिणाबाईंची गाणी’ छापून आली ती त्याच बोलीत. कुणी ती भाषा ‘सुधारायला’ घेतली असती तर?

आणि घरातलं माणूस गेल्यावर कुणी चार ओळी लिहून आणल्या, तर मात्रा मोजू नका. आधी नीट ऐका. गेलेल्या माणसाबद्दल विचारा, त्यांना बोलू द्या. वृत्ताचं ते पुढे कधीतरी आपणहून विचारतील, तेव्हा कागद-पेन घेऊन बसू.