मोठं पोर्ट म्हणजे जास्त ताकद? हेड निवडण्याआधी हे वाचा

गाडी बनवणाऱ्यांमध्ये एक सल्ला सगळीकडे फिरतोय: "टर्बो नको असेल तर सगळ्यात मोठ्या पोर्टचं, जास्तीत जास्त हवा ओढणारं हेड बसवा. आठ व्हॉल्व्ह काढून सोळा लावा, पोर्ट आरशासारखे पॉलिश करा, हेड घासून कॉम्प्रेशन वाढवा." हेड म्हणजे सिलिंडरवरचं झाकण, ज्यात व्हॉल्व्ह असतात; पोर्ट म्हणजे त्यातली हवेची वाट; कॉम्प्रेशन म्हणजे पिस्टन मिश्रण किती पट दाबतो ते. सल्ल्यात थोडं खरं आहे, म्हणूनच तो पटकन पटतो आणि लोकांची चांगली हेडं वाया जातात. मारुती जिप्सीचं १.३ लिटरचं इंजिन समोर ठेवून एकेक मुद्दा बघू. बोअर (सिलिंडरचा व्यास) ७४ मिमी, स्ट्रोक (पिस्टनची धाव) ७५.५ मिमी, म्हणजे एका सिलिंडरला सुमारे ३२५ सीसी.

"पोर्ट जितकं मोठं तितकी ताकद." हा सगळ्यात महागात पडणारा गैरसमज. टर्बो नसलेल्या इंजिनात हवा ढकलायला बाहेरचं कोणी नसतं. पिस्टन खाली जाताना हवा ओढली जाते, आणि पिस्टन तळाला पोचून वर निघाला तरी इनटेक व्हॉल्व्ह थोडा वेळ उघडाच असतो. त्या वेळात सिलिंडर आणखी भरतो तो फक्त धावत्या हवेच्या जोरावर. म्हणून वेग महत्त्वाचा. ३००० आरपीएमला पोर्टचा व्यास ३० मिमी धरला तर हवेचा सरासरी वेग सेकंदाला साधारण ४६ मीटर येतो. तेच पोर्ट कोरून ३४ मिमी केलं की ३६ मीटर. घाटात दुसऱ्या गिअरला गाडी ज्या आरपीएमवर चढते, नेमका तिथला दम गेला. मोठ्या पोर्टचा फायदा वरच्या आरपीएमला मिळतो, तोही कॅम (व्हॉल्व्ह उचलणारा दांडा) आणि एक्झॉस्ट त्या जोडीचे असतील तरच. ट्रॅकवर सतत ७००० च्या आसपास फिरणाऱ्या इंजिनाला ते शोभतं. रोजच्या गाडीला नाही.

"फ्लो बेंचवर ज्याचा आकडा मोठा ते हेड घ्या." फ्लो बेंच म्हणजे हेडमधून किती हवा जाते ते मोजणारं यंत्र. आकडा कोणत्या लिफ्टचा, म्हणजे व्हॉल्व्ह किती मिमी उचललेला असतानाचा, हे आधी विचारा. ३६ मिमीचा व्हॉल्व्ह साधारण ९ मिमी उचलला की त्याच्या कडेची फट व्हॉल्व्हच्या क्षेत्रफळाएवढी होते. तुमचा कॅम आठ-साडेआठ मिमीच उचलणार असेल, तर १२ मिमीला मोजलेला आकडा तुमच्या इंजिनात कधी येणारच नाही. शिवाय व्हॉल्व्ह पूर्ण उघडा असतो तो क्षणभर. मधल्या लिफ्टवरून तो दोनदा जातो, उघडताना आणि मिटताना. त्या लिफ्टला हवा अडते ती सीटपाशी, म्हणजे मिटल्यावर व्हॉल्व्ह जिथे टेकतो त्या कड्यापाशी.

म्हणून माझं ठाम मत आहे: पैसे पहिल्यांदा सीटवर घाला. नीट केलेली सीट बोट फिरवून कळते. मधे ४५ अंशांची, व्हॉल्व्ह जिथे टेकतो ती अरुंद, एकसारखी पट्टी, चेंबरकडे (जिथे मिश्रण जळतं तिकडे) ३० अंशांचा उतार, पोर्टकडे ६० चा. कुठेही धारदार कडा नाही. त्याखाली पोर्ट जिथे आतल्या अंगाने वळतं तिथे हवा भिंत सोडते. ते वळण मऊ करणं हे खरं पोर्टिंग. उरलेलं पोर्ट रुंद करायची गरज बहुतेक वेळा नसते.

"आरशासारखं पॉलिश." एक्झॉस्टला करा, कार्बन कमी धरतो. इनटेकला ताकद वाढत नाही. कार्बोरेटरच्या गाडीत तर गुळगुळीत भिंतीवर पेट्रोलचे थेंब चिकटून वाहतात.

"सोळा व्हॉल्व्हमुळे जिप्सी ६० वरून ८० बीएचपीवर गेली." गेली खरी, पण त्याच बदलात कार्बोरेटर जाऊन एमपीएफआय (प्रत्येक सिलिंडरला इंजेक्टरने पेट्रोल) आलं. सगळं श्रेय हेडला देता येत नाही. सोळा व्हॉल्व्हचं हेड चांगलंच असतं: व्हॉल्व्हचं एकूण क्षेत्रफळ जास्त, प्लग मधोमध. मात्र त्या इंजिनाचा टॉर्क ४५०० आरपीएमला शिखरावर जातो, हेही सांगायला हवं. आणि नुसतं हेड आणून जुन्या ब्लॉकवर चढवण्याआधी पिस्टनवरचे व्हॉल्व्हचे खळगे, पाण्याच्या आणि ऑइलच्या वाटा गॅस्केट ठेवून पडताळा. जुळत नसतील तर पूर्ण इंजिन घेणंच बरं.

"हेड घासा, कॉम्प्रेशन वाढेल." वाढेल, पण किती घासावं लागेल ते मोजा. या इंजिनात ८.५ वरून ९.५ वर जायला पिस्टन वर पोचल्यावर त्याच्या डोक्यावर उरणारी जागा सुमारे ५ सीसीने कमी करावी लागते. चेंबरचं तोंड अख्ख्या बोअरएवढं धरलं तरी १.२ मिमी. तोंड त्याहून लहान असतं, म्हणजे प्रत्यक्षात आणखी जास्त. एवढं घासल्यावर व्हॉल्व्ह पिस्टनच्या जवळ येतो, आणि कॅम हेडमध्ये असल्यामुळे बेल्टचं टायमिंग मागे पडतं. ते ॲडजस्टेबल पुलीने परत जुळवावं लागतं. कॉम्प्रेशन हवंच असेल तर पिस्टन बदलणं हा सरळ मार्ग. आणि नॉकिंग (मिश्रण आपोआप पेटून येणारा ठोका) आलं म्हणून हेडखाली जाड गॅस्केट टाकू नका. पिस्टन आणि हेडच्या सपाट भागातली फट एक मिमीच्या आसपास असली की मिश्रण नीट घुसळलं जातं. ती फट वाढली की कॉम्प्रेशन कमी होऊनही नॉकिंग राहू शकतं.

जुन्या बाजारातून हेड घेताना पोर्ट मोजत बसण्यापेक्षा दोन सीटच्या मधल्या भागात चीर आहे का ते डाय (चीर दाखवणारा रंग) टाकून बघा, सरळ पट्टी आडवी-तिरकी ठेवून ०.०५ मिमीचं फीलर (फट मोजायची पातळ पट्टी) खालून जातं का ते तपासा, गाइडमध्ये (व्हॉल्व्हची दांडी सरकते त्या नळीत) व्हॉल्व्ह हलवून बघा. आधी किती आरपीएमला ताकद हवी ते ठरवा, त्यावरून कॅम, आणि मग त्या कॅमच्या लिफ्टला पुरेल एवढंच हेड.