माझीच गाणी, माझंच मशीन, आणि परवानगी कुणाची मागू?

तीन रात्री झाल्या. रोज सकाळी मिरजेहून बाबांचा फोन येतो, "अगं, झालं का?" नाही झालं! १४ जीबी गाणी जुन्या लॅपटॉपवरून नव्यावर घ्यायची आणि तिथून खिशात मावणाऱ्या एका प्लेअरमध्ये भरायची, एवढं साधं काम होत नाहीये. डोकं फिरायची वेळ आलीये.

ही गाणी मी कुठून फुकटात उतरवून घेतलेली नाहीत. बाबांच्या १४० कॅसेटी आहेत. बऱ्याचशा त्यांनी स्वतः भरलेल्या. मिरजेच्या दर्ग्यात उरुसाला गायक अब्दुल करीम खाँसाहेबांच्या स्मरणार्थ गाणं होतं, तिथे मांडीवर टेपरेकॉर्डर घेऊन ते रात्र-रात्र बसायचे. कॅसेट कंप्युटरवर घ्यायला घाई चालत नाही, ९० मिनिटांची कॅसेट ९० मिनिटंच घेते. दोन पावसाळे मी त्या डेकसमोर बसलेय. बुरशी धरलेल्या फिती पुसल्या, एका कॅसेटमधलं स्पंज झडलं होतं ते दुसरीतलं काढून बसवलं. प्रत्येक फाइलला देवनागरीत नाव दिलं: राग, ताल, साल, तबल्यावर कोण, पेटीवर कोण. आणि त्यात एक कॅसेट आजीची आहे. १९८७ साली बाबांनी जात्याशेजारी टेप ठेवून तिच्या ओव्या भरल्या. जात्याची घरघर, मध्येच तिला लागलेला ठसका, शेवटी "बंद कर रे आता ते" म्हणते तेसुद्धा आहे. आजी जाऊन २२ वर्षं झाली. तिचा आवाज दुसरीकडे कुठेही नाही.

आता ऐका. जुन्या लॅपटॉपवर गाणी डी ड्राइव्हला होती. नव्याला एकच ड्राइव्ह, सी. फाइली कॉपी केल्या, गाण्यांचा प्रोग्रॅम उघडला, तर प्रत्येक गाण्यापुढे उद्गारचिन्ह. फाइल सापडत नाही म्हणे! अरे, फाइल तिथेच आहे, शेजारच्या फोल्डरमध्ये, तेच नाव, तोच आकार. पण त्याने जुना पत्ता धरून ठेवलाय आणि एक अक्षर बदललं तर ओळख दाखवायला तयार नाही. बाबांसाठी लावलेल्या याद्या, पहाटेची, दुपारची, रात्रीची, सगळ्या रिकाम्या. कारण त्या याद्या आणि दिलेले तारे गाण्याच्या फाइलीत नसतात, त्या प्रोग्रॅमच्या स्वतःच्या वहीत असतात. ती वही गेली की दहा वर्षांची निवड गेली. हे आधी कुणी सांगितलं का? कुठे लिहिलंय का? नाही.

बाबांचा आधीचा प्लेअर तर याहून भारी. तो नव्या लॅपटॉपला लावला तर विचारतो, हे यंत्र दुसऱ्या लायब्ररीशी जोडलेलं आहे, पुसून नव्याने सिंक करायचं का? आत गाणी आहेत, मला दिसतायत, ऐकू येतायत, पण बाहेर काढता येत नाहीत. आत घालायला दार आणि बाहेर यायला भिंत! आणि ते 'हो'चं बटण निळं, मोठं, आधीच निवडलेलं. मागच्या वर्षी भाचा सुट्टीला मिरजेला होता, त्याने चार्जिंगसाठी म्हणून प्लेअर आपल्या लॅपटॉपला लावला आणि ते बटण दाबलं. सगळं साफ. पोरगं रडायला आलं होतं. त्याची काय चूक? चोरी होऊ नये म्हणून ही सोय, असं सांगतात. माझ्या आजीच्या ओव्या कोण चोरणार आहे आणि कुणाकडून?

म्हणून नवा, मेमरी कार्डवाला प्लेअर आणला. कार्डवर टाका, ऐका, मधे कुणी नाही. टाकलं. स्क्रीनवर चौकोन. ओळीने चौकोनच चौकोन! दुकानात जाऊन दुसरा घेतला, त्यावर अक्षरं आली, पण अशी की वाचवत नाहीत. ऱ्हस्व वेलांटी व्यंजनाच्या मागे जाऊन बसलीये, 'द्रुत'मधला द पाय मोडून एकीकडे आणि रु दुसरीकडे. युनिकोडमध्ये, म्हणजे कंप्युटरसाठी जगातल्या लिप्यांची जी एक यादी आहे तिच्यात, देवनागरी १९९१ पासून आहे. इतक्या वर्षांत आपली लिपी त्या चिमुकल्या पडद्यावर नीट मांडायला कुणाला सवड झाली नाही? आणि एमपीथ्री फाइलीच्या आत गाण्याचं नाव लिहायची जी सगळ्यात जुनी पद्धत, तिच्यात नावाला जागा ३० बाइट. युनिकोड साठवायच्या यूटीएफ-८ पद्धतीत देवनागरीचं एकेक चिन्ह ३ बाइट खातं. म्हणजे काना-मात्रा, अनुस्वार धरून दहा चिन्हं. 'विलंबित' लिहिलं की सात संपली, पुढे राग कुठे लिहू?

बरं, नाव जाऊ दे, निदान वाजावं तरी नीट. हा प्लेअर फाइली ज्या क्रमाने कार्डवर गेल्या त्या क्रमाने वाजवतो. परवा आधी द्रुत, म्हणजे शेवटचं जलद गाणं लागलं, मग सुरुवातीचं संथ विलंबित. बाबा फोनवर म्हणाले, "हे कुणी उलटं भरलंय?" मी दोन वर्षं बसून लावलेलं, आणि मला हे ऐकावं लागलं. कार्ड पुसून एकेक फाइल ओळीने पुन्हा टाकली. तर आता दोन भागांच्या सांध्यावर तंबोरा तुटतो. एमपीथ्री आवाजाचे ठरावीक मापाचे तुकडे करतं, एकेक तुकडा १,१५२ नमुन्यांचा, म्हणजे आवाजाच्या क्षणाक्षणाला घेतलेल्या मापांचा. शेवटचा तुकडा भरला नाही तर उरलेल्या जागेत शांतता कोंबतं. ती गाळून पुढचा भाग जोडून वाजवता येतो, पण प्लेअर बनवणाऱ्याने ते करायला हवं ना. तीन मिनिटांच्या गाण्याला फरक पडत नाही म्हणून केलं नसेल. चाळीस मिनिटांचा ख्याल ऐकणारा माणूस त्यांच्या हिशेबातच नाही. तंबोरा तुटला की बाबांच्या कपाळाला आठी पडते, मी लहानपणापासून बघत आलेय.

आणि वर ऑफिसातले सल्ले! "कशाला फाइली सांभाळत बसतेस, महिन्याला पैसे भर, सगळं ऑनलाइन मिळतं." सगळं? १९८७ चं आमचं स्वयंपाकघर मिळतं का तिथे? बाबा ७८ वर्षांचे आहेत, त्यांना पासवर्ड नको, जाहिरात नको, नेट गेलं म्हणून थांबणं नको. एक बटण दाबलं की गाणं लागावं, कॅसेटला लागायचं तसं. चाळीस वर्षांपूर्वी ही कॅसेट त्या टेपमधून काढून या टेपमध्ये घातली की संपलं, कुणाला विचारावं लागत नव्हतं.

आता रात्रीचे दीड वाजलेत. ३१२ फाइलींची नावं इंग्रजी अक्षरांत बदलून झाली. राग 'मारवा' तसा लिहिताना बोटं जड होत होती, तरी लिहिला. आजीची फाइल शेवटी ठेवली होती. तिचं नाव मी बदललेलं नाही, बदलणारही नाही. सकाळी बाबांना सांगणार आहे, मोडकी देवनागरी दिसेल तिथे थांबा, ती आजी.