अबॅग्नेल तेव्हा विमानात नव्हता, तुरुंगात होता

फ्रँक अबॅग्नेल या अमेरिकन भामट्याची गोष्ट व्हॉट्सॲपवर आणि प्रेरणादायी व्याख्यानांत सतत सांगितली जाते. सोळाव्या वर्षी घरातून पळाला. एकविशीपर्यंत पॅन ॲम या अमेरिकन विमान कंपनीचा पायलट, जॉर्जियात डॉक्टर, लुइझियानात सरकारी वकील म्हणून वावरला. २५ लाख डॉलरचे खोटे चेक वटवले. सामान्य माणसाला मात्र कधी लुबाडलं नाही. आणि शेवटी एफबीआयनेच, म्हणजे अमेरिकेच्या केंद्रीय तपास यंत्रणेनेच, त्याला कामावर घेतलं. तात्पर्य असं की डोकं असेल तर गुन्ह्याचंही सोनं होतं. हे सगळं त्याच्या १९८० च्या ‘कॅच मी इफ यू कॅन’ या आत्मकथनातून आणि त्यावरच्या २००२ च्या स्पीलबर्गच्या सिनेमातून आलेलं आहे. दहावी-बारावीच्या मुलांसमोर हे तात्पर्य टाळ्या घेतं, म्हणून मला त्याची चीड येते. ज्या घटनांवर ते उभं आहे, त्यातल्या बहुतेक घडलेल्याच नाहीत.

आधी वर्षं मोजू. त्याचा जन्म एप्रिल १९४८ चा. न्यूयॉर्क राज्यातल्या कॉमस्टॉक इथल्या ग्रेट मेडो तुरुंगाच्या नोंदींनुसार २६ जुलै १९६५ ते २४ डिसेंबर १९६८ या काळात तो तिथला कैदी होता. मध्ये पॅरोलवर सुटला, पण अटी मोडल्या आणि परत आत गेला. म्हणजे वयाच्या सतराव्या वर्षापासून विसाव्यापर्यंतचा काळ, ज्यात डॉक्टरकी, वकिली आणि जगभरची विमानं बसवलेली आहेत, तो बहुतेक गजाआड गेला. लेखक ॲलन लोगन यांनी २०२० मध्ये ही कागदपत्रं पुस्तकरूपाने मांडली. पण शंका तेव्हाची नाही. १९७८ मध्येच ‘सॅन फ्रान्सिस्को क्रॉनिकल’ या वृत्तपत्राने त्याचे दावे पडताळून पाहिले होते आणि त्यांना आधार सापडला नव्हता. आत्मकथन त्यानंतर आलं, सिनेमा तर चोवीस वर्षांनी!

२५ लाख डॉलर? १९७१ मध्ये त्याला पॅन ॲमच्या बनावट चेकबद्दल शिक्षा झाली, तेव्हा रक्कम होती १,४४८ डॉलर ६० सेंट. त्यासाठी दहा वर्षं, आणि जॉर्जियातल्या कॉब काउंटीच्या जेलमधून पळाल्याबद्दल आणखी दोन. दीड हजार डॉलरसुद्धा नाहीत आणि शिक्षा बारा वर्षांची, हा हिशोब व्याख्यानात कुणी सांगत नाही.

एफबीआयच्या मुद्द्यात थोडं तथ्य आहे. पुढे अनेक वर्षं त्याने एफबीआयच्या अकादमीत व्याख्यानं दिली, चेकच्या फसवणुकीबद्दल लोकांना सावध केलं. पण तुरुंगातून थेट सरकारी खुर्चीत, असं झालेलं नाही. १९७४ मध्ये तो पॅरोलवर सुटला आणि त्याच वर्षी टेक्सासमध्ये कॅमेरे चोरल्याबद्दल पुन्हा पकडला गेला. मुलांच्या एका उन्हाळी शिबिरात तो काम करत होता, चोरी तिथलीच. व्याख्यानांचा धंदा नंतर जमला, तोही याच रंगवलेल्या गोष्टीच्या भांडवलावर. आत्मकथनाच्या सहलेखकाने अतिशयोक्ती केली हे २००२ मध्ये त्याने स्वतःच लिहिलं.

राहिला ‘सामान्य माणसाला लुबाडलं नाही’ हा दावा. मला सगळ्यात जास्त खटकतो तो हाच, कारण याच एका वाक्यामुळे ऐकणारा त्याच्या बाजूचा होतो. तुरुंगातून सुटून दोन महिनेही झाले नव्हते, तेव्हा पायलटचा गणवेश घालून त्याने एका हवाई सुंदरीशी ओळख काढली आणि तिच्या आईवडिलांपर्यंत, लुइझियानातल्या बॅटन रूजला पोचला. त्यांनी विश्वासाने घरात घेतलं, जेवूखाऊ घातलं. त्याने त्यांच्याच घरातले चेक चोरले. फेब्रुवारी १९६९ मध्ये अटक झाली, जूनमध्ये चोरी आणि बनावट सह्यांबद्दल दोषी ठरला. कोर्टाने तुरुंगात न टाकता देखरेखीच्या अटीवर सोडलं, तर तो युरोपला पळाला. सप्टेंबरात फ्रान्समधल्या मोंपेलिएला सापडला, तिथला तुरुंग झाला, मग स्वीडनमध्ये फसवणुकीबद्दल माल्मोचा. बॅटन रूजमधल्या त्या आईवडिलांकडे ना एअरलाइन होती ना बँक. पाहुणा म्हणून आलेल्या पोरावर त्यांनी विश्वास ठेवला होता, एवढंच. ही गोष्ट मुलांना सांगायचीच असेल, तर आधी त्यांची सांगा.