रिठा-राख म्हणजे चोचले? त्या मेसेजला माझं उत्तर

गेले काही दिवस इकडच्या, कोकणातल्या सगळ्या ग्रुपांवर एक मेसेज फिरतोय, मला तीन ठिकाणाहून आला. त्यात म्हटलंय की रिठा, राख, लिंबू, इको-फ्रेंडली लिक्विड हे शहरातल्या लोकांचे चोचले आहेत, त्यांना फेस येत नाही म्हणजे भांडं साफ होत नाही, मासळीचा वास केमिकलशिवाय जात नाही, जंतू मरत नाहीत, वर महागही पडतं, आणि सांडपाणी शेवटी समुद्रालाच जातं, त्याला काय फरक पडणार. आपल्याच बायका हे पुढे पाठवतायत म्हणून लिहितेय.

समुद्राचं आधी घेते, कारण सगळ्यात मोठी चूक तिथेच आहे. आपल्या वाड्यांत गटारलाईन आहे कुठे? भांड्यांचं पाणी मागीलदारी केळीच्या नाहीतर माडाच्या आळ्यात जातं, कडेला अळू असतं ते आपण खातो, आणि संडासाचं पाणी सेप्टिक टँकमधून शोषखड्ड्यात. खाली जांभा दगड. त्याच्या चिऱ्याला किती भोकं असतात ते घर बांधलेल्या प्रत्येकाने बघितलंय, त्यातून पाणी भराभर झिरपतं आणि पावसात तर विहीर काठोकाठ आलेली असते. शोषखड्डा विहिरीपासून 18 मीटर, म्हणजे जवळजवळ 60 फूट लांब असावा असं सांगतात, पण घराला घर लागून असलेल्या वाडीत एवढी जागा कोणाकडे आहे? म्हणजे आपण ओततो ते समुद्राच्या कितीतरी आधी आपल्याच कळशीत येऊ शकतं. त्यात टँकमधली घाण जिरवायचं काम जिवाणू करतात, रोज ॲसिड, फिनेल, ब्लीच ओतलं की ते मरतात, टँक लवकर भरतो आणि अर्धवट कुजलेलं पाणी पुढे खड्ड्यात जातं. डिटर्जंटमधलं एलएबीएस, म्हणजे मळ काढणारं मुख्य रसायन, हवा मिळाली तर बऱ्यापैकी विघटन पावतं, बंद टाकीत मात्र ते तसंच पडून राहतं.

फेसाबद्दल. रिठ्याला फेस येत नाही असं लिहिणाऱ्याने रिठा कधी हातात कुस्करलेला नाही, त्यात सॅपोनिन असतं, चांगला भरपूर फेस येतो. तशीही सफाई फेसावर ठरत नाही. आणि जांभ्यातलं पाणी मऊ, म्हणजे क्षार कमी असलेलं असतं, त्यात पुडीवर लिहिलंय तेवढी पावडर लागतच नाही, अर्धी टाकून बघा. खाडीकाठच्या मचूळ विहिरींची गोष्ट वेगळी.

मासळीच्या वासाचं तर मला खरंच आश्चर्य वाटलं. हा वास ट्रायमिथाइलअमाइन नावाच्या रसायनाचा, ते अल्कलीसारखं, म्हणजे आंबटाच्या उलट, म्हणून आंबट लागलं की मरतो. आपल्या आज्या कोकमाचं आगळ काढून उरलेली सोलं, लिंबाची साल, बिंबलं ताटाला चोळायच्या ते उगाच नाही. तळलेल्या बांगड्याच्या तव्याला मात्र आंबट नको, तिथे चुलीची राख आणि नारळाचं सोडण. राखेतला क्षार तेलकटपणाशी मिळून साबणच तयार होतो.

जंतूंचं म्हणणं अर्धं खरं आहे. व्हिनेगर, लिंबू म्हणजे जंतुनाशक नव्हे. घरात कोणाला कावीळ, जुलाब झाले असतील तर संडासाला ब्लीच वापराच, विहिरीत मापाने टीसीएल, म्हणजे ब्लीचिंग पावडर, टाकतात त्यालाही माझा अजिबात विरोध नाही. पण रोजच्या लादीला साबणाचं पाणी पुरतं, साबणाने विषाणूचं चरबीचं आवरण फुटतं हे कोविडमध्ये आपण सगळ्यांनी ऐकलंय.

महाग? तयार हिरव्या बाटल्या महागच आहेत, आणि नुसतं नॅचरल लिहिलेल्यावर विश्वास ठेवू नका, सरकारचा 1991 पासूनचा इकोमार्क, मडक्याचं चिन्ह, आहे का बघा. पण रिठे रात्री भिजत घालून सकाळी उकळून गाळायचे याला कितीसा खर्च? फक्त थोडंच करा, इकडच्या दमट हवेत ते चार दिवसांत आंबतं.

आणि दुसऱ्या बाजूच्या मेसेजांनाही सांगते. सोडा आणि व्हिनेगर एकत्र ओतलं की फसफसतं खरं, पण दोघं एकमेकांना मारतात, उरतं जवळजवळ नुसतं पाणी. ब्लीचमध्ये व्हिनेगर किंवा ॲसिड तर कधीच नको, क्लोरीन वायू सुटतो. आणि रिठ्याचं पाणी वहाळात, म्हणजे ओढ्यात ओतू नका, माशांना ते विष आहे, झाडाच्या आळ्यातच जाऊ दे.