"पुढे इंग्रजांनी घेतला"

गेल्या महिन्यात मुंबईहून आलेल्या भाच्याला विजयदुर्ग दाखवायला नेलं. आमचा गाव वाघोटणच्या खाडीकडेचा, त्यामुळे पाहुणा आला की किल्ला ठरलेलाच. तिथे एक जण पर्यटकांना माहिती सांगत होता. पाण्याखालच्या भिंतीची गोष्ट त्याने दहा मिनिटं रंगवली, शत्रूची गलबतं तिच्यावर कशी आपटायची ते हातवारे करून दाखवलं. मग म्हणाला, "पुढे इंग्रजांनी घेतला." झालं. मंडळी सेल्फी काढायला पांगली.

भाच्याने विचारलं, "मामा, एवढी भिंत होती तर घेतला कसा?"

खरं सांगतो, हा प्रश्न मला जन्मात पडला नव्हता. घरी येऊन पुस्तकं काढली.

मराठी आरमाराचे प्रमुख कान्होजी आंगरे १७२९ मध्ये गेले. थोरल्या मुलाने, सेखोजीने घर कसंबसं एकत्र धरलं. १७३३ मध्ये तोही गेला आणि संभाजी-मानाजी या त्याच्या भावांत फाटलं. कुलाबा मिळवायला मानाजीने पोर्तुगिजांची मदत घेतली. शेवटी बाजीराव पेशव्यांनी मध्ये पडून वाटणी करून दिली : कुलाबा मानाजीकडे, विजयदुर्ग-सुवर्णदुर्ग संभाजीकडे. एकाला वजारतमाब किताब, दुसऱ्याला सरखेल. म्हणजे कागदोपत्री सगळं चोख. तरी १७४० मध्ये संभाजी भावाच्या कुलाब्यावर चालून गेला आणि मानाजीने पेशव्यांबरोबर मुंबईकर इंग्रजांनाही बोलावलं. ज्या इंग्रजांना बापाने हयातभर समुद्रात सुखाने फिरू दिलं नाही, १७२१ मध्ये पोर्तुगिजांना सोबत घेऊन आले तेव्हा ज्यांना कुलाब्यावरून हात हलवत परत पाठवलं, त्यांना मुलानेच अंगणात घेतलं!

संभाजीमागून विजयदुर्ग त्याचा भाऊ तुळाजीकडे आला. त्याचं पेशव्यांशी बिनसलं. (कमेंटमध्ये 'चूक पेशव्यांची की आंगऱ्यांची' सुरू होणार हे मला माहीत आहे. तुळाजीही काही साधा नव्हता, शेजारपाजारच्या कोणाशीच त्याचं धड नव्हतं. जातीवर जाणाऱ्यांना ब्लॉक करीन.) १७५५ मध्ये सुवर्णदुर्ग पडला. फेब्रुवारी १७५६ मध्ये इंग्रज अ‍ॅडमिरल वॉटसनचं आरमार विजयदुर्गासमोर उभं राहिलं, बरोबर कंपनीचा सेनाधिकारी क्लाइव्ह, आणि जमिनीवरून पेशव्यांची फौज. बोलणी करायला पेशव्यांच्या छावणीत गेलेला तुळाजी परत आलाच नाही, उरलेला जन्म कैदेत गेला. इंग्रजांच्या गोळ्याने एक जहाज पेटलं आणि शेजारी-शेजारी नांगरलेलं सगळं आरमार त्याच्याबरोबर जळालं. किल्ल्यातली सुमारे दहा लाखांची लूट इंग्रजांनी आपसांत वाटून घेतली. किल्ला पेशव्यांना मिळाला, पण त्यासाठी बाणकोटचा किल्ला द्यावा लागला. हाच क्लाइव्ह पुढच्या वर्षी बंगालात प्लासीच्या लढाईत दिसतो.

आता यातलं आपण मुलांना काय सांगतो? भिंत. कारण भिंतीची गोष्ट सांगताना छाती फुगते, आणि वाटणीची गोष्ट सांगताना शेजारी बसलेल्या चुलत्याकडे बघावं लागतं.

पुराणाचंही आमच्याकडे तेच. जत्रेला दशावतार लागला की 'सुईच्या टोकावर राहील एवढीही जमीन देणार नाही' हे दुर्योधनाचं बोलणं यायलाच हवं. लिहिलेली संहिता नसते, नट आपल्या मनाने संवाद वाढवत नेतो, त्यामुळे तो प्रसंग पहाटेपर्यंतही चालेल. खुर्चीतली माणसं हळहळतात. कृष्णाने पाचच गावं मागितली, तीही दिली नाहीत, असं म्हणून डोळे पुसतात. रातचो राजा सकाळी डोक्यार बोजा घेऊन पुढच्या गावाला निघतो, आणि डोळे पुसणारा तालुक्याला, कोर्टाच्या तारखेला. त्याचा दावा चुलतभावाशी, बांधावरच्या दोन माडांसाठी.

दुसऱ्यांचं कशाला सांगू. आमच्या घराचा सातबारा काढला तर त्यावर सव्वीस नावं आहेत, त्यातली नऊ वारलेल्यांची. घर चिऱ्याचं, सामायिक. दर पावसाच्या आधी छपराचे नळे (कौलं) परतायचे, त्याचा खर्च कोणी करायचा यावरून चार वर्षांपूर्वी बोलाचाली झाली. "माझो वाटो माका होयो, मगे नळ्यांचा बघूया," असं एक चुलते म्हणाले. मीही काही गप्प बसलो नाही. बोललो ते इथे लिहिण्यासारखं नाही. परिणाम असा की त्या पावसाळ्यात शाकारणीच झाली नाही, माजघराच्या वाशाला वाळवी लागली, आणि पुढच्या वर्षी पडवीचा एक कोपरा खाली आला. वाटणी मागणारा, न देणारा, दोघांचीही पडवी. बावीवरच्या पंपाला तेव्हापासून दोन कुलुपं आहेत. एक माझं.

भाच्याला किल्ल्याचं उत्तर सांगितलं तेव्हा तो पडवीत बसला होता, त्या कोपऱ्याकडे तोंड करून. काही बोलला नाही. पोरगं हुशार आहे.

गणपती मात्र अजून एकच बसतो आमच्यात. तेवढ्यासाठी सगळे येतात, आरतीला शेजारी उभे राहतात आणि विसर्जन झालं की आपापल्या गाड्यांकडे. यंदा चतुर्थीच्या आधी नळ्यांचं बोलून घ्यावं, असं ठरवलं आहे. काल चुलत्यांना फोन लावला. रिंग पूर्ण वाजली, उचलला नाही. सोमवारी परत लावतो. तोवर माझं कुलूप काढून ठेवलंय.