वटवाघळांचे झाड तोडल्याने साथ टळत नाही

गेल्या आठवड्यात माझ्या मामांनी मला एक संदेश पाठवला आणि पाठोपाठ फोन करून विचारले, "हे खरे असेल, तर आमच्या इमारतीमागचे झाड तोडण्याच्या अर्जावर मी सही करू ना?" त्या झाडावर वटवाघळांची वस्ती आहे. हा संदेश याआधीही तीन-चार वेळा माझ्यापर्यंत आला होता आणि दर वेळी मी तो काही न बोलता पुसून टाकला, ही माझी चूक झाली. आता त्याच्या भरवशावर कुऱ्हाड चालणार आहे, म्हणून त्यातील एकेका मुद्द्याला उत्तर देणे भाग आहे.

संदेशाचा आशय असा: १७२०, १८२०, १९२० आणि २०२० अशी दर शंभर वर्षांनी जगावर महामारी येते, हे निसर्गाचे चक्र असून माणसाला ते थांबवता येत नाही. जंगलतोड, धरणे, वाढती शहरे यांचा रोगराईशी संबंध जोडणे ही पर्यावरणवाद्यांनी उठवलेली आवई आहे. खरा धोका वटवाघळांचा असल्याने वस्तीजवळची त्यांची झाडे तोडून टाकावीत. आणि शेवटी, पूर्वीची माणसे निसर्गाच्या सान्निध्यात राहत, त्यांची प्रतिकारशक्ती भक्कम होती, म्हणून त्यांना साथी ठाऊकच नव्हत्या. पहिला आणि शेवटचा मुद्दा एकमेकांना छेद देतात, हे संदेश लिहिणाऱ्याच्याही लक्षात आलेले नाही आणि तो पुढे पाठवणाऱ्यांच्याही नाही.

आधी शंभर वर्षांचे चक्र पाहू. पटकीची, म्हणजे कॉलराची, पहिली जागतिक साथ १८१७ मध्ये बंगालमधील जेसोर भागातून पसरू लागली. इन्फ्लुएंझाचा सर्वांत भीषण तडाखा १९१८ च्या उत्तरार्धात बसला. कोविडचे पहिले रुग्ण डिसेंबर २०१९ मध्ये नोंदले गेले. चार तारखांपैकी तीन अशा ओढूनताणून बसवलेल्या आहेत आणि ज्या साथी या साच्यात बसत नाहीत, त्या सरळ गाळल्या आहेत. १८८९-९० ची इन्फ्लुएंझाची साथ, १८९४ मध्ये हाँगकाँगला आणि १८९६ मध्ये मुंबईला पोहोचलेला प्लेग, १९५७ आणि १९६८ चे इन्फ्लुएंझा, १९६१ मध्ये सुरू झालेली आणि आजही न संपलेली पटकीची सातवी साथ, १९८१ मध्ये उघडकीस आलेला आणि आजवर चार कोटींहून अधिक माणसांचा बळी घेतलेला एड्स, यांपैकी एकाचाही उल्लेख संदेशात नाही.

शिवाय, ज्या १७२० च्या साथीपासून हे चक्र सुरू केले आहे, ती फ्रान्समधील मार्से या बंदराची प्लेगची साथ निसर्गाने ठरलेल्या दिवशी पाठवली नव्हती. पूर्व भूमध्य समुद्रातील बंदरांतून रेशीम आणि कापूस घेऊन एक जहाज मे १७२० मध्ये मार्सेला आले. त्यावरची काही माणसे वाटेतच मेली होती आणि त्यांत जहाजाचा वैद्यही होता. मार्सेकडे त्या काळातील युरोपातली उत्तम विलगीकरणाची व्यवस्था होती. परंतु बोकेर या गावच्या मोठ्या व्यापारी जत्रेचे दिवस जवळ आले होते, मालात शहरातील वजनदार व्यापाऱ्यांचा पैसा गुंतला होता आणि त्यापुढे नियम ढिले पडले. सुमारे नव्वद हजार वस्तीच्या त्या शहरात पन्नास हजारांच्या आसपास माणसे मेली. जंतू जहाजातून आला हे खरे, पण त्याला दार उघडून दिले ते व्यापाऱ्यांच्या घाईने. ज्या घटनेवर 'थांबवता येत नाही' असा शिक्का मारला आहे, ती घटना थांबवण्याची सोय त्या बंदरात उभी होती.

साथींमध्ये काही लय असते, एवढे मात्र मान्य केले पाहिजे. लस येण्यापूर्वी मोठ्या शहरांत गोवर साधारण दर दोन वर्षांनी उसळत असे. एक लाट येऊन गेली की बहुतेक मुले गोवर होऊन सुटलेली असत. मग नवी मुले जन्मत, ज्यांना गोवर झालेला नाही अशांची संख्या पुन्हा वाढत जाई आणि लाट परत येई. ही लय मुलांच्या जन्मातून आणि शहराच्या दाटीतून निर्माण होते, पंचांगातून नव्हे. गोवराचे हे गणित वाचकांनी लक्षात ठेवावे, कारण वटवाघळांच्या प्रश्नात तेच पुन्हा कामाला येते.

आता त्याच प्रश्नाकडे वळतो, कारण संदेशातील सर्वांत घातक मुद्दा हाच आहे. वटवाघळांच्या शरीरात माणसाला घातक ठरणारे विषाणू असतात, हे मी नाकारत नाही. निपाह, हेंड्रा आणि मारबर्ग हे तिन्ही विषाणू फळे खाणाऱ्या वटवाघळांत आढळतात. पण त्यावरून 'वटवाघळे मारा, त्यांची झाडे तोडा' हा निष्कर्ष काढणाऱ्यांनी युगांडातील किटाका खाणीत काय घडले ते वाचावे. या खाणीच्या बोगद्यांत फळे खाणाऱ्या वटवाघळांची प्रचंड वसाहत होती. २००७ मध्ये तेथील काही खाणकामगारांना मारबर्गची लागण झाली आणि त्यांपैकी एक जण दगावला. त्यानंतर खाणवाल्यांनी ती वसाहत नष्ट करण्याचा निर्धार केला. जाळी लावून वटवाघळे पकडून मारली आणि बोगद्यांची तोंडे लव्हाळी व प्लास्टिक कोंबून बंद केली, त्यामुळे आत उरलेली जागच्या जागी मेली. संदेशात जे सुचवले आहे, ते तेथे शब्दशः आणि कसून केले गेले.

पुढे २०१२ मध्ये खाण पुन्हा उघडली तेव्हा वटवाघळे परतलेली होती. संख्या पूर्वीच्या मानाने अगदी थोडी होती, पण त्यांच्यातील लागणीचे प्रमाण वाढले होते. आधीच्या तपासण्यांत सुमारे ५ टक्के वटवाघळांत विषाणू सापडत असे, तो आता १३ टक्क्यांहून अधिक वटवाघळांत सापडला. त्याच वर्षी त्या परिसरात मारबर्गची जी साथ आली, ती युगांडातील तोवरची सर्वांत मोठी होती. हे सारे 'इमर्जिंग इन्फेक्शियस डिसीजेस' या वैद्यकीय नियतकालिकात २०१४ साली प्रसिद्ध झाले आहे आणि कोणालाही वाचता येते. संशोधकांनी दिलेले संभाव्य कारण गोवराच्या गणितासारखेच आहे. जुन्या वसाहतीतील बरीच वटवाघळे पूर्वी लागण होऊन गेलेली, म्हणजे त्या विषाणूपुरती सुरक्षित झालेली होती. ती मारल्यावर रिकाम्या जागेत बाहेरून नवी, लागण न झालेली वटवाघळे आली आणि विषाणूला ताजे इंधन मिळाले. कत्तल करणाऱ्यांनी अनवधानाने विषाणूच्या वाटेतला अडसरच दूर केला.

झाड तोडण्याचा परिणाम कत्तलीपेक्षा सौम्य असेल, अशी समजूत असल्यास ऑस्ट्रेलियाकडे पाहावे. तेथे १९९४ मध्ये हेंड्रा विषाणू प्रथम घोड्यांत आणि घोड्यांकडून माणसांत आला. पूर्व किनाऱ्यावरील सुमारे पंचवीस वर्षांच्या नोंदी तपासून २०२२ मध्ये 'नेचर'मध्ये जो अभ्यास प्रसिद्ध झाला, त्यातील चित्र अगदी स्पष्ट आहे. हिवाळ्यात फुलणारी जंगले तोडली गेल्यावर भुकेलेली वटवाघळे मोठ्या थव्यांचे लहान थवे करून शेतांच्या आणि वस्त्यांच्या कडेच्या झाडांवर कायमची राहू लागली. घोडे चरतात तेथेच वर वटवाघळे टांगलेली, त्यांचे मूत्र खालच्या गवतावर पडलेले आणि तेच गवत घोड्याच्या तोंडात. अन्नाची टंचाई झाली की विषाणू घोड्यांत उतरण्याच्या घटना वाढत. याउलट ज्या हिवाळ्यात उरलेल्या जंगलाला भरघोस फुलोरा आला, त्या हिवाळ्यात वटवाघळे तिकडे निघून गेली आणि अशी एकही घटना घडली नाही. एक झाड आणि एक जंगल यांत फरक आहे, हे मला कळते. पण झाड तोडल्याने वटवाघळे नाहीशी होत नाहीत. ती पांगतात आणि दुसरीकडे, कदाचित आणखी जवळ, जाऊन बसतात.

निपाहची गोष्टही याच जातीची आहे. १९९८-९९ मध्ये मलेशियात ही साथ आली तेव्हा शंभरावर माणसे मेली आणि सुमारे दहा लाख डुकरे मारावी लागली. ज्या मोठ्या वराहपालन केंद्रातून ती पसरली, तेथे डुकरांच्या गोठ्यांलगत आंब्याची लागवड होती. वटवाघळांनी अर्धवट खाल्लेली फळे खाली पडत, ती डुकरे खात, दाटीने ठेवलेल्या हजारो डुकरांत विषाणू फैलावे आणि त्यांच्याकडून तो कामगारांकडे येई. वटवाघळे त्या प्रदेशात फार पूर्वीपासून होती. आंब्याखाली हजारो डुकरांची दाटी नवी होती. आणि ती दाटी कोणी केली, हे वेगळे सांगण्याची गरज नाही.

'धरणांचा आणि जंगलांचा रोगराईशी संबंध नाही' या मुद्द्याचे अर्धे उत्तर यात आलेच आहे. उरलेल्या अर्ध्यासाठी पश्चिम आफ्रिकेतील सेनेगल नदीचे उदाहरण देतो. नदीच्या मुखाजवळ १९८६ मध्ये दियामा धरण पूर्ण झाले. समुद्राचे खारे पाणी आत शिरणे थांबले, वर्षभर गोडे पाणी मिळू लागले आणि ऊस व भाताला कालव्यांचे पाणी पोहोचले. त्या गोड्या, संथ पाण्यात गोगलगायी माजल्या. याच गोगलगायींतून शिस्टोसोमियासिस हा कृमिरोग पाण्यात उतरलेल्या माणसाच्या कातडीतून शरीरात शिरतो. या रोगाचा आतड्यांना ग्रासणारा प्रकार तेथे जवळपास नव्हताच. १९८८ मध्ये रिशार-तोल या गावी त्याचे रुग्ण सापडू लागले आणि थोड्याच वर्षांत तो त्या भागात घरोघरी पोहोचला. आणखी एक गोष्ट झाली. नदीतील मोठी कोळंबी या गोगलगायी खाते, पण तिची पिल्ले मुखाजवळच्या मचूळ पाण्यात वाढतात आणि मग वर नदीत येतात. धरणाने ती वाट अडवली आणि कोळंबी वरच्या भागातून दिसेनाशी झाली. पुढे संशोधकांनी एका गावाच्या पाणवठ्यावर कुंपण घालून कोळंबी पुन्हा सोडली, तेव्हा रोगवाहक गोगलगायी घटल्या आणि गावकऱ्यांतील लागणही कमी झाली. यात शंभर वर्षांचे कोणते चक्र दिसते? धरण बांधू नये, असे मी म्हणत नाही. ते बांधताना कोळंबीची वाट विचारात घ्यावी, एवढेच म्हणतो.

येथे दुसऱ्या बाजूचेही सांगितले पाहिजे. प्रत्येक साथ जंगलतोडीमुळे येते, असे पर्यावरणाच्या बाजूने बोलणारे काही जण सरसकट म्हणतात, तेही बरोबर नाही. अमेरिकेच्या ईशान्येला गोचिड्यांमुळे होणारा लाइम रोग वाढला तो पडीक शेतांवर पुन्हा झाडी वाढली, तिच्यात हरणे आणि गोचिड्या वाढल्या आणि त्याच झाडीत माणसांनी घरे बांधली म्हणून. १९५७ मध्ये कर्नाटकातील शिवमोग्गा जिल्ह्यात प्रथम ओळखला गेलेला माकडताप जंगलाच्या तोडलेल्या कडांवर, चरायला नेलेल्या गुरांच्या अंगावर पोसलेल्या गोचिड्यांमुळे वाढला. डेंग्यू पसरवणाऱ्या डासाला तर जंगल लागतच नाही, त्याला पिंप आणि टाकून दिलेला टायर पुरतो. आणि कधी निसर्गात काहीही न बदलता केवळ समाजाची घडी विस्कटल्याने साथ येते. सोव्हिएत संघ कोसळल्यावर लसीकरण आणि आरोग्यसेवा ढासळली, तेव्हा जवळजवळ हद्दपार झालेला घटसर्प १९९० च्या दशकात परतला आणि दीड लाखांहून अधिक लोकांना तो झाला. बदल कोणता झाला आणि त्याने कोणता जंतू, कोणता प्राणी व कोणती माणसे एकमेकांजवळ आणली, हे प्रत्येक ठिकाणी स्वतंत्रपणे पाहावे लागते.

राहिला पूर्वजांच्या प्रतिकारशक्तीचा मुद्दा. त्यावर फार वेळ घालवण्याची माझी इच्छा नाही. फिजी बेटांवरील लोक निसर्गाच्या सान्निध्यातच राहत होते. १८७५ च्या जानेवारीत सिडनीहून परतलेल्या जहाजाबरोबर त्यांच्याकडे गोवर आला आणि काही महिन्यांत सुमारे चाळीस हजार माणसे, म्हणजे लोकसंख्येच्या चौथ्या हिश्शाहून अधिक, मृत्युमुखी पडली. त्यांच्या अंगात ताकद कमी होती म्हणून हे घडले नाही. त्या जंतूशी त्यांची आधी गाठच पडली नव्हती. बेटांवर गोवर नव्हता याचे कारणही त्यांच्या जीवनशैलीत नव्हते. गोवराला टिकून राहण्यासाठी काही लाखांची सलग वस्ती लागते आणि ती तेथे नव्हती, एवढेच.

मामा, तुमच्या प्रश्नाचे उत्तर असे: अर्जावर सही करू नका. झाडाखाली पडलेली, चावलेली फळे कोणी खाऊ नयेत आणि लहान मुलांनी ती उचलू नयेत, हे सगळ्यांना सांगा. आजारी किंवा मेलेल्या वटवाघळाला उघड्या हाताने शिवू नये. कोणाला वटवाघूळ चावले किंवा बोचकारले, तर जखम साबणाने व वाहत्या पाण्याने पंधरा मिनिटे धुऊन त्याच दिवशी डॉक्टरांकडे न्यावे. पाण्याच्या टाक्यांवर घट्ट झाकणे बसवून घ्या. त्याने वटवाघळांची विष्ठा पाण्यात पडणार नाही आणि डासांचीही सोय मोडेल. बांगलादेशात खजुराच्या रसातून निपाह होतो, तेथे रसाच्या मडक्यावर बांबूचे साधे आच्छादन बांधले की वटवाघळे रसापर्यंत पोहोचत नाहीत, हे कॅमेरे लावून पडताळलेले आहे. त्यासाठी कोणी झाड तोडले नाही. हे सारे मी एका कागदावर वेगळे लिहून देतो. ज्यांनी अर्ज आणला आहे, त्यांना तो कागद वाचायला द्या आणि बैठक कोणत्या दिवशी आहे ते मला कळवा, मी येतो.